काठावर उभी असलेली माणसं

दहा दिवसांपूर्वी काहीही झालं नव्हतं, आणि तेव्हापासून रेजिस पेरूशोला भीती वाटत होती. काही झालं असतं तर त्याला नाव असतं. कागद भरले गेले असते, सक्तीची रजा मिळाली असती, डेपोतल्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून हळू आवाजात प्रश्न विचारले असते, आणि कॅन्टीनमध्ये कुणीतरी खांद्यावर हात ठेवून काही न बोलता कॉफी पुढे सरकवली असती. पण त्या गुरुवारी सकाळी पावणेनऊला दोमेनिल स्टेशनात एका बाईने फलाटाच्या कडेवरून एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याने ब्रेक दाबला, एवढंच झालं. गाडी किंचाळली आणि थांबली. बाईचं पाऊल हवेत होतं ते मागे गेलं. दोघांच्या मध्ये केबिनची काच आणि जेमतेम चार पावलांचं अंतर होतं. विटकरी रंगाचा कोट, तिशीची असेल नसेल, हातात बाजाराची पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा फ्लॉवरचा गड्डा. तिने त्याच्याकडे पाहिलं, मोकळा हात जरासा वर केला, माफ करा म्हणावं तसा किंवा चला, निघा म्हणावं तसा, आणि ती वळून जिना चढून गेली. मागच्या डब्यातून लोक काचा ठोकायला लागले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण अजून ब्रेकच दाबून धरला आहे.

त्याने नोंद केली: प्रवासी कडेच्या फार जवळ, अपघात नाही. कंट्रोलमधून विचारलं, पुढे नेतोस ना गाडी, की बदली माणूस पाठवू. तो म्हणाला, नेतो की. तेवीस वर्षं तो मेट्रोची आठ नंबरची लाईन चालवत होता आणि या तेवीस वर्षांत त्याच्या गाडीखाली कुणी आलं नव्हतं. डेपोत याबद्दल त्याला थट्टेने नशीबवान म्हणत, काहीजण तर गाडी ताब्यात घेताना आधी त्याच्या हाताला हात लावून जात. म्हणजे तसं पाहिलं तर त्या दिवशीही त्याचं नशीब शाबूतच राहिलं होतं. घरी त्याने काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, एका बाईने हात वर केला? पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक स्टेशन जवळ आलं की बोगद्याच्या तोंडाशीच त्याची बोटं ब्रेकवर जायची. पूर्वी फलाटावर त्याला गर्दी दिसत असे, गवतासारखी, एकसंध. आता सुटी माणसं दिसू लागली. फोनमध्ये मान घातलेला, बुटाची नाडी बांधायला वाकलेला, कडेवर चवडे टेकवून डोलणारी शाळकरी मुलगी. यांतला कुठला? प्रत्येकाच्या पायाकडे त्याचे डोळे जात, चेहऱ्याकडे बघायचं धाडस होत नसे. गाडी तो इतकी हळू आत आणायचा की वेळापत्रक मागे पडायला लागलं. आणि एक गोष्ट होती, तिच्यापर्यंत तो विचार करत करत जायचा आणि ऐन दाराशी जाऊन परत फिरायचा. तिचा चेहरा. पाऊल टाकताना तिचा चेहरा कसा होता, ते.

रविवारी फोंतेनब्लोला, जुन्या राजवाड्याच्या गावी जाऊ या, असं ओदिलने शुक्रवारी जेवताना जाहीर केलं. ओदिल म्हणजे त्याची बायको, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, आणि तिचं जाहीर करणं हे दुकानात गिऱ्हाइकाला फ्रेम निवडून देण्यासारखं असे: विचारल्यासारखं वाटायचं, पण आरसा समोर येईपर्यंत ठरलेलं असायचं. हवा चांगली आहे, सप्टेंबर संपत आला, लेक नांतला गेल्यापासून आपण दोघं कुठे गेलोच नाही, आणि घरात तू कपाटासारखा उभा असतोस तो तिथे झाडांत उभा राहा, असं ती म्हणाली. तो हो म्हणाला. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

मोठ्या गाड्यांचं लिऑन स्टेशन त्यांच्या घरापासून पायी वीस मिनिटं. मेट्रोने न जाता चालत जाऊ असं त्यानेच सुचवलं. तिथे फलाटावर तो एका जाहिरातीच्या फळीला पाठ लावून उभा राहिला, इतकी घट्ट की जाकिटाला गार पत्रा लागत होता. ओदिल मात्र पुढे, पिवळ्या पट्टीच्या जरा मागे उभी राहून, गाडी कुठवर आली ते वाकून बघत होती. तिचे पाय. निळे कापडी बूट, त्यांची टोकं पट्टीच्या रेघेवर.  तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि काय म्हणून हाक मारायची ते न सुचून त्याने वेळ विचारली. समोर एवढं मोठं घड्याळ लटकतंय, ओदिल मागे वळून म्हणाली, आणि तू चष्माही लावत नाहीस, मला नोकरीवरून काढतील अशाने. पण ती वेळ सांगायला त्याच्याजवळ आली आणि तिथेच उभी राहिली, हे त्याला बरं वाटलं.

गाडीत तो खिडकीपासून दूर बसला. बाहेर सेन नदी मधेच दिसायची आणि मधेच नाहीशी व्हायची, मग रान सुरू झालं, आणि पानांतून येणारा उजेड डब्यात लपलपायला लागला, बोगद्यातल्या दिव्यांसारखा. पाण्याची त्याला लहानपणापासून सवय होती. बुर्गोन्य प्रांतात योन नदीच्या कालव्यावर त्याचे वडील जलद्वाराच्या राखणीला होते. सरकारी घर अगदी कडेला, दार उघडून सात पावलं टाकली की दगडी काठ, आणि खाली कधी भरलेली, कधी रिकामी झालेली ती खोल चौकोनी विहीर. नाव आत आली की बाबा चाक फिरवत आणि पाणी चढायचं. रेजिसला सक्त ताकीद होती: काठापासून एक मीटर मागे. बाबांनी खडूने रेघच मारून ठेवली होती आणि पावसाने पुसली की ते पुन्हा मारत. स्वतः ते मात्र संध्याकाळी बरोबर काठावरून चालत, पाठीमागे हात बांधून, दारांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेजिस सतरा वर्षांचा असताना एका फेब्रुवारीत बाबांचा पाय घसरला. बर्फ नव्हता त्या दिवशी, पण आई म्हणाली घसरला, आणि गावही म्हणालं घसरला, पाद्रीही म्हणाले. त्यानंतर त्या घरात त्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. त्या दुपारी बाबा जेवताना चक्क विनोद सांगत होते, कितीतरी महिन्यांनी, आणि आई हसता हसता त्यांना आणखी मटण वाढत होती. बाबांचा चेहरा त्या दिवशी स्वच्छ धुतल्यासारखा झाला होता. गाडी मेलँ स्टेशनात शिरली तेव्हा रेजिसने डोळे मिटून घेतले आणि चाकं पूर्ण थांबल्याचा आवाज येईपर्यंत उघडले नाहीत.

फोंतेनब्लोला उतरल्यावर बसने गावात आले. रविवारचा बाजार भरला होता. ओदिलने बाजारात हवा तेवढा वेळ घालवला. टोमॅटो दाबून पाहिले, द्राक्षं चाखली, मग एका चीजवाल्याकडे मलमलीत गुंडाळलेलं, सायीसारखं फेसाळ पांढरं चीज घेतलं, ज्याला गावाचंच नाव आहे. चीजवाला तिला म्हणाला की हे दुपारपर्यंत खाऊन टाका, मादाम, हे नवऱ्यासारखं नसतं, ठेवून ठेवून मुरत नाही. ओदिल म्हणाली की तिचा नवराही अलीकडे पाणी सोडायला लागला आहे. आजूबाजूचे लोक हसले आणि रेजिसही हसला, म्हणजे त्याने तोंड हसल्यासारखं केलं. त्याच वेळी त्याची नजर रस्त्याच्या पलीकडे पदपथाच्या कडेवर थांबलेल्या एका म्हाताऱ्याच्या काठीकडे होती. काठी रस्त्यावर टेकलेली, बस वळणावर. म्हातारा थांबला, बस गेली, म्हातारा चालायला लागला. काही झालं नाही. दिवसभर असंच, काही होत नव्हतं, आणि प्रत्येक वेळी ते न होणं त्याच्या अंगावरून चाकासारखं जात होतं.

राजवाड्याच्या अंगणात लोक उन्हात पसरले होते. नालाच्या आकाराच्या त्या मोठ्या जिन्यावर एक नवरानवरी फोटोसाठी उभी होती आणि नवरीचा झगा पायऱ्यांवरून खाली ओघळला होता. जिन्याच्या दगडी कठड्यावर दोन मुलं पाय सोडून बसलेली. रेजिसने मान फिरवली. त्यांची लेक सात वर्षांची असताना ते इथे आले होते, तेव्हा ती याच कठड्यावर बसली होती आणि त्याने तिला कमरेला धरून ठेवलं होतं. त्या वेळी त्याला भीती वाटली नव्हती. धरलं होतं, बस, बाप धरतो तसं. आता त्याला आठवेना की न भिता धरणं कसं असतं. आत महालात जायचं का असं ओदिलने विचारलं आणि त्याच्याकडे बघून स्वतःच नको म्हणाली, सोनेरी छतं काय पळून जात नाहीत. दियानच्या बागेत, जिथे ब्राँझची चार कुत्री कारंज्याच्या चारी बाजूंना मुतत बसलेली असतात, तिथे ती नेहमीसारखी थांबली आणि म्हणाली की या वाड्यात एवढे राजे होऊन गेले, पण मजेत आयुष्य काढलं ते या चौघांनी. मग तिने त्याच्या दंडाला हात घातला. सहज घातल्यासारखा, पण बोटं दंडाभोवती पक्की बसली होती. त्याला वाटलं, हिला थंडी वाजते आहे.

जेवण त्यांनी इंग्रजी बागेतल्या एका मोठ्या झाडाखाली केलं. पाव, टोमॅटो, डुकराच्या मांसाची चटणी, थर्मासमधली कॉफी. ऊन कोवळं होतं आणि लांबून कुणीतरी वाजवत असलेल्या शिकारी शिंगाचा आवाज येत होता, चुकत चुकत, पुन्हा पहिल्यापासून. एक मोर गवतातून येऊन पावाकडे बघत उभा राहिला. ओदिल आडवी झाली, तिने डोळ्यांवर टोपी घेतली आणि तिच्या दुकानातल्या एका बाईची गोष्ट सांगू लागली, जिला वाचायचा चष्मा नको होता कारण चष्मा लावला की नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं सगळं दिसतं. रेजिस हं हं करत होता. उद्या सोमवार. पहाटे पाचची पाळी. पहिली गाडी बाहेर काढायची, लाईनच्या टोकाला बालारपर्यंत न्यायची, अडतीस स्टेशनं, अडतीस वेळा बोगद्याचं तोंड, आणि परत आणताना पुन्हा तेवढंच. त्याने आपला उजवा हात गवतावर ठेवून पाहिला.  हात अगदी शांत, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडला होता, आणि त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटली.

दोनच्या सुमाराला ओदिल उठून बसली आणि म्हणाली की आपण होडीत बसू. कार्प माशांच्या तळ्यात लहान होड्या भाड्याने मिळतात, तळ्याच्या मध्यावरच्या त्या आठकोनी मंडपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. त्याने टाळाटाळ केली, पाठ दुखते म्हणाला. वल्ही मी मारते, ती म्हणाली, तू राजासारखा बस, तोंड तर सकाळपासून तसंच करून हिंडतोयस. ती रांगेत जाऊन उभी राहिली आणि तो तळ्याच्या फरसबंद काठापासून दूर, भिंतीला टेकून थांबला.

तळ्याला कठडा नाही. दगडी फरशी संपते तिथे पाणी सुरू होतं, हिरवट, जड, आणि पाण्याच्या वर कार्प माशांची तोंडं उघडमीट करत येतात, माणसाच्या तोंडाएवढी. शंभरएक माणसं त्या कडेला उभी होती. पाव टाकणारी, वाकणारी, पोरांना दाखवणारी, एकमेकांना मागून धक्का देऊन भेवडवणारी. सगळे पाय काठावर. त्याला वाटलं ओरडावं, मागे व्हा, एक मीटर मागे. त्याच्या जिभेवर कालव्याच्या काठावरचा खडू आल्यासारखी चव आली. आणि मग त्याला ती दिसली. विटकरी कोट. बाकीच्यांपासून जरा बाजूला, एकटी, दोन्ही पाय फरशीच्या अगदी टोकावर, आणि ती पुढे झुकत होती, हळूहळू, जशी माणसं फक्त एकाच कारणासाठी झुकतात. हाताला पिशवी. त्याच्या कानांत गाडी किंचाळायला लागली. आपण धावतो आहोत हे त्याला कळलं नाही, मधे एक बाबागाडी होती ती कशी चुकवली हेही कळलं नाही. त्याने तिला मागून कमरेला धरलं आणि सगळा जोर लावून उलटं ओढलं, आणि दोघंही खडीवर आपटली, ती त्याच्यावर.

ती किंचाळली. पायाने, कोपराने त्याला मारत सुटली. आणि तो सोडेना. सोडायचं नाही एवढंच त्याच्या डोक्यात होतं, सोडलं की गेली. चारपाच लोकांनी मिळून त्याची बोटं उकलली. ती बाई कशीबशी उभी राहिली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने प्रथम तिचा चेहरा पाहिला. चाळिशीची, कुरळ्या केसांची, गालावर खडीचे कण चिकटलेले. कोटही विटकरी नव्हता, साधा तपकिरी होता. पिशवीत शिळा पाव होता, माशांसाठी. आणि तिच्या डोळ्यांत भीती होती, निव्वळ भीती, त्याची. आयुष्यात कुणी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. एका माणसाने त्याला वेडा म्हटलं, दुसरा पोलिसांना फोन लावायला लागला, बागेचा पहारेकरी शिट्टी वाजवत आला. त्याने विचारलं, काय प्रकार आहे, साहेब, तुम्ही यांना ओळखता का. रेजिस खडीवर बसलेला होता आणि त्या बाईच्या पायांकडे बघत होता. 

ओदिल गर्दीतून वाट काढत आली. ती धापा टाकत होती, पण तिचा आवाज दुकानातलाच होता, मोजकाच. "तो माझा नवरा आहे," ती म्हणाली. "मेट्रो चालवतो. दहा दिवसांपूर्वी एक बाई त्याच्या गाडीसमोर येता येता राहिली. मादाम, त्याला वाटलं तुम्ही पाण्यात जाताय."

 फोन लावणाऱ्याने फोन खाली घेतला. पहारेकऱ्याने टोपी काढून पुन्हा घातली. त्या बाईने गालावरची खडी पुसली, खरचटलेला तळवा बघितला, आणि मग रेजिसकडे वेगळ्या नजरेने बघितलं, अजून भ्यायलेल्याच, पण आता त्याला नाही. मी माशांचा फोटो काढत होते, ती म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली की पुढच्या वेळी आधी हाक मारा, तेवढं पुरतं. ओदिलने तिच्या तळव्याला आपल्याकडचा रुमाल बांधला, पहारेकऱ्याने रेजिसचं आणि त्या बाईचं नाव लिहून घेतलं आणि तक्रार आहे का विचारलं. बाईने मान हलवली, नाही, आणि पावाची पिशवी उचलून ती काठापासून दूर निघून गेली. आता सगळेच जरा मागे सरकून उभे राहिले होते.

होडीचा विषय निघाला नाही. ओदिल त्याला घेऊन बागेतल्या मोठ्या कालव्याच्या बाजूला गेली, जिथे झाडांची रांग सरळ लांबवर जाते आणि माणसं विरळ होत जातात. एका बाकावर बसवलं. कितीतरी वेळ तो फक्त एकाच गोष्टीचा विचार करत होता, त्या बाईच्या डोळ्यांचाही नाही. ओदिलला ठाऊक होतं.

"तुला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

बाझीलने, ती म्हणाली. बाझील त्याच्याच लाईनवरचा, डेपोतला त्याचा जुना सोबती. दुसऱ्याच दिवशी त्याने घरी फोन केला होता, रेजिस बरा आहे ना विचारायला, त्याला वाटलं तिला माहीत असेलच. मग तू बोलली का नाहीस, असं रेजिसने विचारल्यावर ती म्हणाली की तू सांगशील म्हणून वाट बघितली. पहिले दोन दिवस तिला नुसता राग आला होता. तिसऱ्या दिवशी रात्री तो ताट धूत होता, नळ सुरू ठेवून, एकच ताट, कितीतरी वेळ, ते तिने दारातून पाहिलं आणि राग कुठल्या कुठे गेला. दुसऱ्या दिवसापासून तिने दुकानात दाताच्या डॉक्टरकडे जायचं आहे असं सांगितलं आणि चार सकाळी ती दोमेनिलला गेली. जिन्याशेजारच्या खांबाआड उभी राहायची. त्याची गाडी येईपर्यंत तिथेच. गाडी आली की काचेतून त्याचा चेहरा बघायची आणि मग कामावर जायची.

"कशासाठी?"

"तू आहेस ना, ते बघायला."

ती कालव्याकडे बघत बोलत होती. वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या येत होत्या. बाझील म्हणतो तू त्या बाईसाठी घाबरला आहेस, ती म्हणाली, सगळे चालक घाबरतात, जातं म्हणतो महिन्याभरात. मला तसं वाटत नाही. पंचवीस वर्षं मी माणसांच्या डोळ्यांत बघायचंच काम करते. मग तिने त्याच्याकडे तोंड वळवलं, आणि रेजिसच्या लक्षात आलं की ही बाई भ्यायलेली आहे, सकाळपासून, फलाटावर, बाजारात चेष्टा करताना, दंड धरून चालताना, त्याच्याइतकीच, कदाचित जास्त.

"एकदाच विचारते," ती म्हणाली. "तुझ्या मनात येतं का तसं?"

पाय घसरला, असं म्हणता आलं असतं. त्याच्या घरात तीच भाषा होती. नाही ग, काहीतरीच काय, असं म्हणून उठता आलं असतं, आणि ती उठली असती, आणि दोघं बस पकडून गेले असते, आणि उद्या सकाळी खांबाआड ती पुन्हा उभी राहिली असती. बाबांना हे कधी कुणी विचारलं होतं का? आईने मटण वाढलं होतं. ते दार आता समोर होतं आणि या वेळी परत फिरायला जागा नव्हती, बाकावर शेजारी ओदिल बसलेली होती. त्याला वाटलं होतं की आपण काठावर उभ्या असलेल्या माणसांना भितो. दहा दिवस तो त्यांचे पाय बघत होता. आपण कुठे उभे आहोत ते त्याने खाली वाकून बघितलंच नव्हतं.

"तिचा चेहरा बघितला मी," तो म्हणाला. "घाबरलेली नव्हती, ओदिल. सुटल्यासारखी दिसत होती. आणि ब्रेक दाबायच्या आधी, क्षणभरच असेल, मला तिचा हेवा वाटला."

ओदिल हलली नाही. रडली नाही. केव्हापासून, एवढंच तिने विचारलं. हिवाळ्यापासून असेल, तो म्हणाला, लेक गेली त्याच्याही आधीपासून, नेमकं सांगता येत नाही, धुक्यासारखं येतं आणि बसतं. आणि मी रोज तुला डब्यात काय भरू विचारत होते, ओदिल म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच मोडला. तिने त्याचा हात घेतला, गवतावर दुसऱ्याचा वाटलेला तोच हात, आणि मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी झाकला. मग बाबांचं त्याने सांगितलं. बर्फ नव्हता हे सांगितलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यांत ती कालव्याकाठच्या त्या गावी कितीदा राहून आली होती, सासूबरोबर त्या काठावर बसून तिने वाटाणे सोलले होते, आणि हे ती आज ऐकत होती. बोलता बोलता त्याला वाटत होतं की हे उच्चारल्यावर काहीतरी कोसळेल. समोर दोन हंस होते. एक माणूस आपल्या लेकीला सायकल शिकवत होता, सारखा ओरडत होता, पुढे बघ, पुढे बघ. भीती गेली नव्हती. उलट ती आता स्पष्ट दिसत होती, तिला कडा आल्या होत्या, आणि ती त्याच्याएवढीच मोठी होती, बोगद्याएवढी नाही.

उद्या गाडी काढायची नाही, ओदिल म्हणाली.  मी फोन करू का, तिने विचारलं. त्यावर त्याने नको म्हणून मान हलवली आणि खिशातून स्वतःचा फोन काढला. डेपोत रविवारीही कुणीतरी असतंच. घंटा वाजत राहिली, आणि त्या वेळात ओदिल उठली आणि येरझाऱ्या घालायला लागली, बसवेना म्हणून.

फोन केर्वेलाने उचलला. ब्रेतान्यचा, कोरड्या आवाजाचा माणूस, बदली चालक लावण्याचं काम त्याच्याकडे, कुणाची रजेची सबब त्याला पटायची नाही. रेजिस बाकावरून उठून उभा राहिला, वर्गात उत्तर द्यायला उठावं तसा.

"उद्या मला गाडी चालवता येणार नाही," तो म्हणाला.

आजारी आहेस का, केर्वेलाने विचारलं. मागे कीबोर्डचा आवाज येत होता.

"मला भीती वाटते," रेजिस म्हणाला. "इतरांची नाही. माझी."

कीबोर्डचा आवाज थांबला.  मग केर्वेला म्हणाला की बरं. पाचच्या गाडीवर दुसरा देतो. डॉक्टरीणबाईंना आत्ता घरी फोन करतो, त्या तुला आजच फोन करतील, उचल मात्र. उद्या नऊला ये, गणवेश नको घालूस. हे सगळं त्याने एका दमात, यादी वाचल्यासारखं सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "या क्षणी एकटा आहेस का?"

रेजिसने वळून पाहिलं. ओदिलच्या बुटात खडा गेला होता. ती त्याच्याजवळ आली, एक हात त्याच्या खांद्यावर टेकला, एका पायावर उभी राहिली, आणि दुसऱ्या हाताने बूट काढून झटकू लागली. तिचा तोल जात होता, सगळा भार त्याच्या खांद्यावर येत होता.

"नाही," तो म्हणाला, "बायको आहे बरोबर." आणि तिचा बूट पायात जाईपर्यंत तो अजिबात हलला नाही.